तिसऱ्या रांगेतली उंच मुलगी

१२ जानेवारी

आज होकार दिला आणि त्यांच्या पावलांचा आवाज जिना उतरून जाण्यापूर्वीच पश्चात्ताप झाला. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई सकाळी आल्या होत्या. त्यांच्या वरच्या मजल्यावरील वृत्तपत्रांची खोली दुपारी चार ते सहा रिकामी असते. शाळेत मागे पडलेल्या मुलांना तेथे कोणीतरी लिहिणे-वाचणे शिकवावे, असे त्यांच्या मनात आहे. “तुमच्याइतकं शुद्ध इथे कुणाला येतं, सांगा!” असे त्या म्हणाल्या. ही स्तुती कामापुरती आहे हे कळत असूनही मी विरघळलो. वयाच्या शहात्तराव्या वर्षी माणसाने विरघळू नये.

अडतीस वर्षे मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक होतो. मुलांसाठी छापलेला शब्द न् शब्द माझ्या नजरेखालून गेला. मुले मात्र गेली नाहीत. एक कन्या आहे, परंतु तिचे सर्व तिच्या आईनेच पाहिले. आई आता नाही. कन्या बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. रविवारी येते, स्वयंपाकघर आवरते आणि जाते.

गुडघे दुखत आहेत. वाचनालयाला जिना आहे, हे होकार देताना लक्षात आले नाही.

१७ जानेवारी

अठरा मुले आली. सर्वांत लहान सात वर्षांचे, सर्वांत मोठे चौदाचे. ग्रंथपाल बाईंनी वयानुसार गट सुचवले. मी नम्रपणे नकार दिला. वय जन्माच्या दाखल्यासाठी असते. छापखान्यात आमच्याकडे तीन ट्रे होते: स्वच्छ, मध्यम आणि गढूळ. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस नवशिका आहे की तीस वर्षांचा जुना, हे कोणी विचारत नसे. शंभर शब्दांत त्याच्या चुका किती, एवढ्यावरच त्याचा कागद कोणत्या ट्रेमध्ये जायचा ते ठरत असे. याहून न्याय्य पद्धत मी पाहिलेली नाही.

तेव्हा शंभर शब्दांचे शुद्धलेखन घातले, चुका मोजल्या आणि तीन रांगा केल्या. आकडे माझ्या वहीत राहतील. मुलांना केवळ रांग सांगितली. तिसरी रांग चारला येईल, दुसरी साडेचारला, पहिली पाचला. सहाला सर्वांना सुट्टी. तिसऱ्या रांगेला खिडकीजवळचे बुटके बाक दिले, कारण त्या रांगेत सात-आठ वर्षांची मुलेच आहेत.

अपवाद एक. चौदा वर्षांची एक उंच मुलगी आहे. चुका एकोणचाळीस. तिची आई कपडे उसवून-शिवून अंगाबरोबर करून देते. कोपऱ्यावर तिचे लहानसे दुकान आहे. वडील क्रेन चालवतात आणि काम संपले की गाव बदलतात. पाच वर्षांत चार गावे झाल्यामुळे मुलीची शाळा सुटली. आई म्हणाली, “दोन मेला हिला पंधरा पूर्ण होतात, आजोबा. त्याच्या आत आठवीची प्रवेश चाचणी पास झाली तर शाळेत घेतील. नाहीतर मग मोठ्या बायकांचा संध्याकाळचा वर्ग. चाचणी अठरा एप्रिलला आहे. एकदाच.”

मुलगी खिडकीबाहेर पाहत उभी होती. जणू काही आम्ही हवापाण्याविषयी बोलत होतो.

शंभरात वीसपर्यंत चुका चाचणीत चालतात. एकोणचाळीसवरून विसावर आणायच्या आहेत, तीन महिन्यांत. मी याहून गढूळ कागद स्वच्छ केलेले आहेत.

२४ जानेवारी

मुलांनी सर्वांना नावे ठेवली आहेत. उंच मुलीला ‘शिडी’ म्हणतात. सात वर्षांचा एक मुलगा सतत काहीतरी गुणगुणतो, तो ‘भुंगा’. पहिल्या रांगेत तेरा वर्षांचा एक चष्मेवाला आहे. प्रत्येक दुरुस्तीवर वाद घालतो म्हणून तो ‘वकील’. माझेही एक नाव आहे, असे ग्रंथपाल बाईंनी हसू दाबत सांगितले. ते मी विचारले नाही.

सात वर्षांच्या मुलांचे कुतूहल संपत नाही. “आजोबा, तुमच्या कानात केस का आहेत?” “आजोबा, तुम्ही लहान होता तेव्हा रंग होते का?” मी ‘सर’ म्हणण्याची सूचना दोनदा केली. भुंगा म्हणाला, “सर तरुण असतात.”

शिडीची बसण्याची पद्धत वाईट आहे. गुडघे हनुवटीपर्यंत येतात. “ताठ बस,” असे आज तीनदा सांगितले. तिने ऐकले, पण पुन्हा वाकली.

३१ जानेवारी

दर दिवशी पाचच्या ठोक्याला शिडीला तहान लागते. पहिल्या रांगेची मुले जिना चढू लागली की ही पाणी प्यायला खाली जाते आणि सर्व जण स्थिरस्थावर झाल्यावर परतते. चार वाजता तहान का लागत नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, “तेव्हा नसते लागत.” घरूनच पाणी पिऊन यावे, अशी सूचना केली.

तिच्या पेन्सिलीचे टोकही दिवसातून चार वेळा तुटते. टोक करण्यासाठी ती कचऱ्याच्या डब्याजवळ उभी राहते आणि तेथून लहान मुलांच्या वह्या पाहत बसते. पेन्सिलीचा दर्जा हलका असावा. आज छापखान्यातली जुनी चांगली पेन्सिल तिला दिली. तिचेही टोक तुटले.

८ फेब्रुवारी, रविवार

कन्या आली होती. रांगांची पद्धत तिला समजावून सांगितली. कपबशा पुसता पुसता ती थांबली. “बाबा, चौदा वर्षांच्या मुलीला सात वर्षांच्या पोरांत बसवलंत तुम्ही?”

“मी बसवले नाही. तिच्या चुकांनी बसवले.”

“आणि ती काय म्हणाली?”

“काहीच नाही. समजूतदार मुलगी आहे.”

कन्येने कपबशा जागच्या जागी ठेवल्या, तिसऱ्या फळीवर, मला हव्या असतात तशा, कान उजवीकडे करून. जाताना म्हणाली, “माझ्या वॉर्डात सात वर्षांच्या मुलाला इंजेक्शन देताना आई जवळ लागते. चौदाच्याला आई खोलीबाहेर गेलेली हवी असते. सुई तीच असते, बाबा.”

विषयाचा संबंध लक्षात आला नाही. तिला रुग्णालयाच्या गोष्टी कोठेही आणण्याची सवय आहे.

१४ फेब्रुवारी

तिसऱ्या रांगेची प्रगती विलक्षण आहे. भुंगा एकवीसवरून अकरावर आला. बाकीचेही उतरत आहेत. एवढी घट दुसऱ्या रांगेतही नाही, पहिलीत तर नाहीच. पद्धत योग्य असली की परिणाम दिसतोच.

एक त्रास मात्र आहे. त्या रांगेत कुजबुज फार. मी फळ्याकडे वळलो की शिडी काहीतरी सांगते आणि सर्व लहानगी तिच्याकडे माना वळवतात. बोटांनी हवेत अक्षरे काढणे चालते, कोणाच्या पाठीवर काढणे चालते. आज भुंग्याच्या पाठीवर तिने ‘क्ष’ काढला आणि त्याने तो ओळखला, तेव्हा सगळी रांग टाळ्या पिटू लागली. मी दटावले. पाठ ही लिहिण्याची जागा नाही.

२६ फेब्रुवारी

शिडीच्या चुका सत्तावीस. आणखी सात उतरल्या पाहिजेत; हातात सात आठवडे. गणित जुळते.

तिच्या वागण्याचे मात्र जुळत नाही. या आठवड्यात ती रोज दहा मिनिटे लवकर येते. मी आल्यावर पाहावे तर बाक मांडलेले, फळा पुसलेला, खडू फोडून ठेवलेले. परंतु पाच वाजले की ओढणी डोक्यावर घेते, तीही अशी की कपाळ झाकावे. आत वारा नाही, ऊन नाही. ओढणी काढ म्हटले तर डोके दुखते म्हणाली. मग डोके दुखत असताना लहान मुलांच्या वह्या तपासत का फिरतेस, असे विचारले. “त्यांना येत नाही म्हणून,” एवढेच उत्तर. उर्मट स्वर नव्हता. पण मानही वर केली नाही. एखाद्या दिवशी ती लहान मुलांबरोबर गुडघ्यांवर रांगत खोडरबर शोधते. एखाद्या दिवशी अशी बसते की खोलीतली सर्वांत थकलेली व्यक्ती मी नसून ती आहे, असे वाटावे. एकाच माणसाचे वय दिवसागणिक बदलू शकते काय?

पाय सुजले आहेत. आज जिन्यावर दोनदा बसलो.

४ मार्च

आज शिस्तीचा प्रश्न उद्भवला, तो सोडवला.

पाच वाजता पहिली रांग आली. वकिलाबरोबर आज त्याच्या वर्गातली एक मुलगी पाहायला म्हणून आली होती. तिने शिडीकडे बोट दाखवून विचारले, “ही एवढी मोठी, इथे छोट्यांत काय करते?”

वकील म्हणाला, “ती आजोबांची असिस्टंट आहे. छोट्यांना शिकवते. तिनेच सांगितलंय.”

भुंगा लगेच उभा राहिला. “हो! आमची ताई टीचर आहे!”

मी शिडीकडे पाहिले. तिने नकार दिला नाही. वहीवर हात ठेवून बसली होती, हालचाल न करता.

असत्य, मग ते लहान असो वा मोठे, छापले गेले की दुरुस्त करणे अवघड जाते. म्हणून ते कच्च्या प्रतीतच दुरुस्त करावे. मी शांतपणे, आवाज न चढवता सांगितले: “एक दुरुस्ती. ती माझी साहाय्यक नाही. ती या रांगेतली विद्यार्थिनी आहे. तिच्या चुका शंभरात एकोणचाळीस होत्या, त्या आता सत्तावीस आहेत. ही प्रगती अभिनंदनीय आहे.”

कोणी अभिनंदन केले नाही. वकील “बाप रे, एकोणचाळीस!” असे म्हणाला, तेही हळू. नवी मुलगी हसली नाही. तिने केवळ नजर दुसरीकडे वळवली.

शिडीने सहापर्यंत शुद्धलेखन पूर्ण केले. जाताना तिने बाक सरळ केले, नेहमीप्रमाणे. वही न्यायला विसरली.

७ मार्च

शिडी तीन दिवस आली नाही. ताप असावा. तिची वही माझ्याकडे आहे.

तिसऱ्या रांगेत गोंधळ. भुंग्याने शेजाऱ्याच्या वहीवर पाणी ओतले.

११ मार्च

आली नाही. तिसऱ्या रांगेचे आकडे चढत आहेत: भुंगा पंधरा, बाकीचे त्याहून वाईट. हवामान बदलत आहे, मुले पेंगुळतात. पद्धत तीच आहे, फळा तोच आहे, मीही तोच आहे.

भुंग्याने आज विचारले, “ताई कधी येणार?”

“बरी झाली की येईल.”

“ती आजारी नाहीये. मी पाहिलं तिला दुकानात. मी हाक मारली तर ती पडद्यामागे गेली.” मग काही वेळाने तो म्हणाला, “तुम्ही पाठीवर काढा ना अक्षर.”

मी म्हणालो, फळ्यावर काढतो. तो रडू लागला. सात वर्षांची मुले कोणत्याही कारणासाठी रडू शकतात.

सहानंतर तिची राहिलेली वही उघडली. समोरच्या पानांवर माझे शुद्धलेखन होते. मागच्या पानांवर मात्र मी न सांगितलेले काही होते: तिसऱ्या रांगेतल्या प्रत्येक मुलासाठी एकेक पान. भुंग्याच्या पानावर त्याचे नेहमी चुकणारे शब्द, प्रत्येकापुढे एक चित्र. ‘दूध’पुढे लांब मानेची बाटली. ‘फूल’पुढे लांब देठ. लांब ते दीर्घ. तिच्या स्वतःच्या चुका त्या पानांतही होत्या. मी लाल पेन हाती घेतले होते. कोणत्या पानावर चालवावे, ते ठरेना. शेवटी झाकण लावून ठेवले.

हवामान नव्हते तर.

१५ मार्च, रविवार

कन्येला सर्व सांगितले. ती खुर्चीत बसली होती. रात्रपाळी करून आलेली, पाय स्टुलावर. मी बोलत असताना तिने डोळे मिटले होते. झोपली असे वाटले.

“सगळ्यांसमोर आकडा सांगितलात?”

“अभिनंदन केले.”

“बाबा,” ती डोळे न उघडता म्हणाली, “मी तेरा वर्षांची असताना शाळेच्या शिबिरातून तुम्हाला पत्र लिहिलं होतं. आठवतं?”

आठवते. दोन पाने, निळी शाई. मी ते त्याच टपालाने परत पाठवले होते, दुरुस्त करून, म्हणजे शिबिर संपण्यापूर्वी तिला सुधारणा करता यावी. “अकरा चुका होत्या,” मी म्हणालो. “त्या वयाच्या मानाने चांगले पत्र होते.”

“त्यात काय लिहिलं होतं मी?”

मी विचार केला. खरोखर केला. ‘पोहोचले’ हा शब्द तिने कसा लिहिला होता ते मला आजही दिसते. तिसऱ्या ओळीतला स्वल्पविराम दिसतो. परंतु ती काय सांगत होती, ते आठवेना.

“बाईंनी सगळ्यांची पत्रं सगळ्यांसमोर वाटली,” ती म्हणाली. “माझं उघडंच होतं. लाल. मुलींनी पाहिलं. तेव्हापासून मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही, लक्षात आलंय का तुमच्या?”

“तू दूरध्वनी करत होतीस.”

“आईला.” तिने पाय खाली घेतले. “सात वर्षांची असते ना बाबा, तर मी ते पत्र सगळ्यांना दाखवत फिरले असते, आमच्या बाबांनी किती लाल केलंय बघा म्हणून. तेराव्या वर्षी माणसाच्या अंगाला कातडं नसतं. कुणी नुसतं पाहिलं तरी लागतं. आणि तुम्ही पाहण्यावर थांबत नाही.”

मी विचारले, “पत्रात काय होते?”

“आता जाऊ द्या.” ती उठली आणि चहा ठेवला. दोन कप. आम्ही तो प्यायलो. चव नेहमीसारखीच होती. मी मात्र ती नीट घेऊ शकलो नाही.

१७ मार्च

सकाळी दुकानात गेलो. एक शिलाई यंत्र, एक आरसा, कपडे घालून पाहण्यासाठी एका कोपऱ्यात पडदा. आई विजारीचा पाय आखूड करत होती. मला पाहताच तिने पाय पेडलवरून काढला.

“ती चाचणी देत नाही म्हणते, आजोबा. फॉर्म फाडत होती, मी हिसकावून घेतला. मी म्हटलं, अगं, आजोबा काय बोलले एवढं? तर म्हणे, खरं बोलले. खरं बोलले म्हणून रडतं का कुणी?”

पडद्याखालून दोन पाय दिसत होते. मोठे, चपलेबाहेर येणारे. मी पडद्याशी बोललो. आयुष्यात प्रथमच मी बोलण्याचा मसुदा आधी तयार केला नव्हता.

“तुझी वही आणली आहे,” मी म्हणालो.

पडद्याखालचे पाय मागे सरकले.

“मागची पाने मी वाचली. तुझ्याशिवाय तिसऱ्या रांगेचे नुकसान होत आहे. उद्यापासून तू माझी साहाय्यक आहेस, असे मी सर्वांसमोर सांगतो.”

“नको.” आवाज जाड होता, रडून झाल्यासारखा. “आता खोटंच वाटेल ते. आधी सांगितलं असतंत तर खरं झालं असतं.”

या युक्तिवादात मला एकही दोष सापडला नाही.

“नुसत्या छोट्यांसमोर बोलला असतात ना, तर चाललं असतं,” पडदा म्हणाला. “त्यांना आकडा म्हणजे काय कळतच नाही. भुंग्याला तर एकोणचाळीस म्हणजे भारी वाटलं असेल, जास्त आहेत म्हणून. तुम्ही त्या मुलीसमोर बोललात. ती माझ्याएवढी होती.”

“माझी चूक झाली,” मी म्हणालो.

यंत्राजवळ आईने काहीतरी खाली पाडले.

“किती?” आतून प्रश्न आला.

“काय किती?”

“चुका. शंभरात.”

“अजून मोजत आहे,” मी म्हणालो.

नाकातून निघालेला एक आवाज आला. हसू होते की शेंबूड, ते सांगता येणार नाही. मग अटी आल्या. मी तिकडे वाचनालयात येणार नाही. तुम्ही इथे या, सकाळी नऊला, तेव्हा गिऱ्हाईक नसतं. भुंग्याला सांगायचं नाही. आणि चुका मोजा, पण आकडा मला सांगायचा नाही, आईलाही नाही.

“मग प्रगती कशी कळणार?”

“तुम्हाला कळेल ना. मला नको.”

मान्य केले.

२५ मार्च

रोज नऊ ते दहा. मी स्टुलावर, ती यंत्राच्या टेबलाशी. बॉबिन, टाचण्या, खडूचे तुकडे बाजूला सारून वही ठेवतो. पाठ म्हणून तिच्या आईची मापांची वही वाचायला घेतली. तिला ती वाचायला आवडते, कारण गिऱ्हाइकांच्या कंबरा त्यात आहेत. “हे बघा, हे काका मागच्या वर्षी छत्तीस होते!” तेव्हा ती सात वर्षांची असते. गिऱ्हाईक दारात दिसले की वही मांडीवर जाते आणि चेहऱ्यावर तीस वर्षांची बाई येते. काल एक शब्दही बोलली नाही, विचारले तर म्हणाली, “काही नाही.” आज मी पोहोचताच सलग वीस मिनिटे बोलली, एका मांजरीविषयी. मी ऐकले. यापूर्वी अशा वेळी मी घड्याळ पाहिले असते. आज पाहिले नाही, हे घरी आल्यावर लक्षात आले.

आकडा न सांगणे फार जड जाते. आज बावीस होत्या. जिभेच्या टोकावर आले होते. गिळले.

२ एप्रिल

वाचनालयात मुलांना वयानुसार बसवले. ग्रंथपाल बाई काही बोलल्या नाहीत, परंतु त्यांच्या भुवया बोलल्या. एकाच रांगेत तीन चुकांचा मुलगा आणि तेहतीस चुकांचा मुलगा शेजारी बसले आहेत. माझ्या डोळ्यांना ते टोचते. तेहतीसवाला तीनवाल्याच्या वहीत पाहतो. कॉपी आहे ती. मी पाहिले न पाहिल्यासारखे केले, आणि घरी येईपर्यंत मला बरे वाटले नाही.

पायांची सूज उतरत नाही. सकाळी दुकान, दुपारी वाचनालय. कन्या म्हणते, एक सोडा. कोणते सोडायचे ते ती सांगत नाही.

११ एप्रिल

चोवीस. चढल्या. तिचे आज कशातच लक्ष नव्हते. समोरून शाळेत निघालेल्या मुली जात होत्या आणि ती आरशात पाहून केस सोडत होती, बांधत होती, पुन्हा सोडत होती. सात दिवस राहिले आहेत, आणि ही केस बांधते! शब्द तोंडापर्यंत आले. तेवढ्यात ती आरशातूनच म्हणाली, “मी पास झाले तरी त्या मला घेतील का त्यांच्यात?”

याचे उत्तर कोणत्याही व्याकरणात नाही. “माहीत नाही,” असे म्हणालो. तिने मान हलवली आणि वही उघडली. उरलेल्या अर्ध्या तासात एकही चूक केली नाही.

१८ एप्रिल

आज चाचणी. “तुम्ही येऊ नका हं,” असे तिने काल बजावले. “सगळ्यांच्या आया येतील, मग आजोबा कोणाचे म्हणून विचारतील.” आईलाही फाटकाबाहेरच थांबायला सांगितले आहे.

दिवसभर घरी बसलो. कालच्या सरावात एकोणीस होत्या. एकोणीस आणि वीस यांत एकच शब्द आहे. पंख्याखाली बसून तो शब्द कोणता असेल याचा विचार करत राहिलो. जेवलो नाही. नऊ वाजता झोपलो.

३० एप्रिल

आई स्वतः जिने चढून सांगायला आली. दम लागला होता तिला. “घेतली! घेतली शाळेत! आठवीत!” पदराने तोंड पुसले, मग डोळे.

“ती कोठे आहे?”

“खाली उभी आहे. वर ये म्हटलं तर येत नाही. तुम्ही गुण विचाराल म्हणते.”

मी खिडकीतून पाहिले. ती खाली भिंतीला टेकून उभी होती, एक पाय भिंतीवर. वर पाहिले नाही. मी वरून मोठ्याने म्हणालो, “मी विचारणार नाही!”

“कळलं!” ती खालूनच ओरडली आणि पळत सुटली, उंच मुलगी, चपला फटफट वाजवत, रस्त्यावर कोण पाहते याची मुळीच पर्वा न करता.

आकडा मला आजही ठाऊक नाही. झोपताना तो आठवत राहतो. जो ठाऊक नाही तो आठवणार कसा, हा प्रश्न निराळा.

१९ जून

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. ती दुकानात दिसत नाही. आई म्हणते, घरी येते ती जेवते आणि झोपते. विचारले तर “काही नाही” म्हणते.

मी वाचनालयाचे काम ठेवले आहे, पण आठवड्यातून तीनच दिवस. आज दुपारी पत्र टाकायला निघालो होतो. कन्येला लिहिले आहे, चार ओळी, तिच्याकडून उत्तर येईलच असे नाही. कोपऱ्यावर शाळेतून येणाऱ्या तीन मुली समोरून आल्या. मधली ती. तिघी एकाच वेळी बोलत होत्या आणि एकाच वेळी हसत होत्या. काही पावलांवर तिने मला पाहिले. ओळखले, याबद्दल मला शंका नाही. मग तिने दप्तराचा पट्टा उगाचच सारखा केला आणि शेजारच्या मुलीला काहीतरी विचारले. मान तिकडे वळवून.

मी थांबलो असतो तर तिला थांबावे लागले असते. कोण हे, असे त्या दोघींनी विचारले असते.

मी रस्ता ओलांडला. पलीकडच्या बाजूला सावली होती म्हणून ओलांडला, असे लिहिणार होतो. सावली अलीकडच्याच बाजूला होती.

पलीकडून एकदाच वळून पाहिले. तिघी पाठमोऱ्या होत्या. तिने आज केस उजवीकडून भांग पाडून दोन वेण्यांत बांधले होते. त्या दोघींचेही तसेच होते, आणि उंचीही तिघींची जवळपास सारखीच. मागून पाहताना त्यांतली ती कोणती, हे ओळखायला मला क्षणभर वेळ लागला.